बरी, बरीच आणि तू

चि. सौ. शेंडेफळ हिला,

ताईचे भरपूर आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या यजमानांना दे (माझी छत्री परत केली असती तर त्यांनाही पूर्ण मिळाले असते). इकडे गुडघे कुरकुरतात, तुझे भावोजी कुरकुरतात, आणि मी दोघांकडेही लक्ष देत नाही, तेव्हा एकंदर ठीक चाललं आहे. तुझी प्रकृती कशी आहे? थांब, या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नकोस. आधी पत्र शेवटपर्यंत वाच. ‘बरी आहे’ एवढे दोन शब्द लिहून पाकीट चिकटवून टाकायची तुझी जी सवय आहे, ती या खेपेला आवर. त्या शब्दाशी सध्या माझं उघड वैर आहे. ते कसं जडलं आणि त्यात तुझ्या जिवाचा काय संबंध, हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे. (फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. त्याचंही कारण पुढे येईल, आणि ते वाचून तुला थोडी लाज वाटावी अशी माझी इच्छा आहे.)

तुला आठवत असेल, आपण दोघींनी आपापल्या गावातल्या संशोधन केंद्रांत नावं नोंदवली होती. दरवर्षी ते आपलं रक्त काढतात, वजन करतात आणि एक भलीमोठी प्रश्नावली हातात देतात. तू ती निमूटपणे भरतेस. मी मात्र गेल्या वर्षी ती लाल शाईने तपासून परत पाठवली. तूच सांग, ‘आपणांस रात्री झोप येते किंवा कसे?’ हे काय वाक्य आहे? ‘किंवा कसे’ म्हणजे झोप कशी येते ते सांगायचं, की झोपेऐवजी काय येतं ते? कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या की ज्या वाक्याला धड कर्ता नाही त्याला चारित्र्य नाही. पुढे कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून मी जन्म काढला. साक्षीदार जे बोलला तेच टाइप करायचं, त्याला जे म्हणायचं होतं ते नाही, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं आहे. मला वाटलं, लाल शाई पाहून केंद्रवाले माझं नाव कायमचं काढून टाकतील. तर त्यांनी मला पत्र पाठवून समितीवरच घेतलं! ‘नागरिक प्रतिनिधी’ म्हणून. तुझे भावोजी पत्र वाचून म्हणाले, “नागरिकांना विचारलं का कोणी?” (त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.)

समिती कसली, ते ऐक. तीन संशोधन केंद्रांनी आपापली माहिती एकत्र करायचं ठरवलं आहे. हेतू चांगला आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. एकेका केंद्राकडे थोडीथोडी माणसं, त्यामुळे दुखणं अंगात शिरायच्या आधी ते काय काय खुणा करतं हे कोणालाच नीट दिसत नाही. सगळ्यांची माणसं एकत्र मांडली की दिसेल, आणि ज्याच्या प्रकृतीत धोका दिसेल त्याला त्याच्या त्याच्या केंद्राने बोलावून घेऊन तपासायचं, असा बेत. पण तीन जावांनी आपापल्या चुली विझवून एका स्वयंपाकघरात यायचं ठरवलं की जे होतं, तेच इथे झालं. आमचं हृदयाचं केंद्र म्हणजे थोरली जाऊ. सर्वांत जुनं, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नाही. तुमच्या गावातलं म्हातारपणाचा अभ्यास करणारं केंद्र म्हणजे मधली. काम सर्वांत जास्त करते आणि ऐकवते त्याहून जास्त. साखरेचा अभ्यास करणारं केंद्र धाकटी, नव्या कोऱ्या यंत्रांचा थाट, माहेरचा पैसा. आणि चौथं एक केंद्र आहे, तिथे एकही पेशंट येत नाही, नुसते संगणक आहेत. ती नणंद. स्वतः काही रांधत नाही, पण प्रत्येकीच्या डब्यात डोकावून ‘हे असं का ठेवलंय?’ म्हणून विचारते.

अध्यक्ष थोरलीकडचे, हृदयाचे मोठे डॉक्टर. स्वभावाने इतके गोड, की समोर दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना हे समाधानाने म्हणतात, “तर मग सर्वानुमते...” मी त्यांचं नावच ‘सर्वानुमते’ ठेवलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्रेमाने समजावलं की ‘बिग डेटा’ म्हणजे मोठी माहिती. मी विचारलं, किती मोठी? म्हणाले, एका माणसाच्या डोक्यात मावणार नाही एवढी. मी म्हटलं, मग तुम्ही आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना अजून भेटला नाहीत.

बैठकीची खोली म्हणजे शीतगृह. मध्ये लांबलचक टेबल, टेबलाला मधोमध भोक, भोकातून वायरींचा गुंता वर आलेला, आणि त्यातली नेमकी कोणती वायर कशाची हे ठाऊक असलेला माणूस कायम रजेवर. बिस्किटांची बशी चुरचुरणाऱ्या कागदात गुंडाळलेली असते. तो कागद सोडवताना आवाज होतो म्हणून कोणी तिला हात लावत नाही, आणि मला खात्री आहे की दर बैठकीला तीच बिस्किटं येतात. समोर भिंतीवर पडदा, पडद्यावर बाकीच्या केंद्रांची माणसं. मधलीच्या डॉक्टरांचं फक्त कपाळ दिसतं. धाकटीकडचे गृहस्थ दिसतात पूर्ण, पण आवाज मागाहून येतो, त्यामुळे ते तोंड मिटून बसले की बोलायला लागतात. नणंदेकडचा इंजिनिअर मात्र स्वच्छ दिसतो आणि स्वच्छ ऐकू येतो. त्याचं बोलणं तेवढं कळत नाही.

आता या जावांचं एकमत कशावर व्हावं? वयावरसुद्धा नाही! थोरली पूर्ण झालेलं वय लिहिते, मधली चालू वय लिहिते. ‘सत्तरावं लागलं’ म्हणजे एकीकडे एकोणसत्तर आणि दुसरीकडे सत्तर. माहिती एकत्र केल्यावर तुमचं अख्खं गाव एका रात्रीत वर्षाने म्हातारं झालं (तुझ्या बाबतीत यंत्राने अंदाज बरोबर केला, असं मी तुझ्या भावोजींना म्हटलं). वजन एकीकडे चपला घालून, दुसरीकडे काढून, आणि धाकटीकडे तर हातातली पर्ससुद्धा ठेवायला लावत नाहीत. सर्वांत मोठं रण ‘उपाशीपोटी’ या शब्दावर माजलं. रक्त उपाशीपोटी द्यायचं, हे सगळ्यांना मान्य. पण चहा घेतला तर माणूस उपाशी राहतो का? मधलीचं कपाळ म्हणालं, चहाने पोट भरत नाही. धाकटीचे गृहस्थ तोंड मिटून म्हणाले, साखर असते त्यात. सर्वानुमते म्हणाले, बिनसाखरेचा असेल तर? तेवढ्यात कोणीतरी चहा आणला, आणि प्रश्न तसाच राहिला. तो अजून तसाच आहे.

हे सगळं मी हसत हसत पाहत होते. मग आला तो शब्द.

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न तिन्ही केंद्रांत सारखाच आहे, ‘आपली प्रकृती कशी आहे?’ आणि त्याखाली जवळजवळ सगळ्यांचं उत्तरही सारखंच, ‘बरी आहे’. थोरलीने त्याचा अर्थ लावला, चांगली आहे. मधलीकडच्या लोकांना इस्पितळाची सवय. तिथे माणूस घरी जाताना ‘बरा झाला’ असं लिहितात. म्हणून त्यांनी अर्थ लावला, आजारी होती, आता त्यातून उठली. आणि धाकटीने लावला, जेमतेम आहे, दिवस ढकलते आहे. तेच दोन शब्द, आणि त्यांवरून एक गाव ठणठणीत, दुसरं नुकतंच अंथरुणातून उठलेलं आणि तिसरं घरघर लागलेलं! मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण भाषा ही माझी बाब. मी काय सोडते? उभी राहिले आणि कोर्टातल्यासारखं सुनावलं. म्हटलं, बरी म्हणजे बरी, पण ‘तशी बरी’ म्हणजे काहीतरी आहे, सांगायचं नाही. ‘बरी म्हणायची’ म्हणजे पुष्कळ आहे, तुम्ही विचारा. ‘बरीशी’ वेगळी. ‘बरी आहे हो!’ हे तर उत्तरच नव्हे, तो पिच्छा सोडवण्याचा प्रकार. आणि ‘च’ लावला की शब्दाला ठामपणा येतो, मीच, आजच, नाहीच. मी बोलत होते, नणंदेकडचा इंजिनिअर भराभरा टिपून घेत होता, आणि शेवटी सर्वानुमत्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी तुझ्या भावोजींना म्हटलं, आज विज्ञानाला हातभार लावला. ते म्हणाले, “मग विज्ञान आता काय करणार?” (या माणसाला कधीकधी दिव्यदृष्टी असते.)

विज्ञानाने जे केलं ते असं. इंजिनिअरने यंत्राला माझा नियम शिकवला. जिथे ‘बरी’, ‘बरा’, ‘बरं’ दिसेल तिथे प्रकृती चांगली समजायची, आणि पुढे ‘च’ असेल तर ठामपणे चांगली. आता तूच सांग, ‘बरीच’ म्हणजे पुष्कळ, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पण यंत्र पाळण्यात कधी नव्हतंच. एखादीने लिहिलं, ‘पायाला बरीच सूज येते’, यंत्राने नोंद केली, ठामपणे बरी. ‘खोकला बराच आहे’, ठामपणे बरा. ‘झोपमोड बरीच होते’, हिला तर काहीच धाड भरलेली नाही! म्हणजे ज्यांना खरोखर बरंच काही होत होतं ते सगळे उचलून निरोग्यांच्या रांगेत सर्वांत पुढे नेऊन बसवले. यात माझा दोष आहे असं कोणी म्हणेल, तर तो मी मान्य करणार नाही. मी ‘च’चा स्वभाव सांगितला होता, त्याला घरोघरी पाठवा असं सांगितलं नव्हतं.

काही आठवड्यांनी पडद्यावर एक आलेख आला. सुंदर निळी रेघ, खालून वर चढत गेलेली. निष्कर्ष असा, की जिना चढताना ज्यांना धाप लागते तेच लोक सर्वांत निरोगी असतात! खोलीत आनंदीआनंद. मधलीचं कपाळ चमकलं. धाकटीचे गृहस्थ (तोंड मिटून) म्हणाले की शोधनिबंधावर आमचं नाव आधी हवं. थोरलीने वयाचा मान सांगितला. भांडण रंगात आलं असताना सर्वानुमते उठले आणि म्हणाले, सर्वानुमते आपण आपल्यापासूनच सुरुवात करू, उद्यापासून केंद्राची लिफ्ट बंद. खरंच बंद केली, गं! दुसऱ्या बैठकीला ते स्वतः जिन्याने वर आले, खुर्चीत बसले, आणि बराच वेळ त्यांना ‘सर्वानुमते’मधला ‘स’सुद्धा म्हणता येईना. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, अभिनंदन, आपण अतिशय निरोगी आहात.

या सगळ्यांत एकच बाई गप्प होती. आमच्या केंद्रात आकडेशास्त्र पाहणारी एक आहे, मी तिला आकडेवाली म्हणते. तुझ्या मुलीच्या वयाची असेल. पेनाचं टोपण चावत बसते, फारसं बोलत नाही, पण तिला सरळ वर चढणारी रेघ दिसली की संशय येतो. ती म्हणाली, “मला रेघ नको. माणसांनी लिहिलेली वाक्यं द्या.” नणंदेकडचा इंजिनिअर जरा दुखावला, पण त्याने थोडी उत्तरं काढून पाठवली. अभिमानाने म्हणाला, नाव काढलंय, गाव काढलंय, वय वरखाली केलंय, जन्मदात्या आईनेसुद्धा ओळखू नये अशी व्यवस्था आहे. आकडेवालीने तो गठ्ठा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, “मावशी, तुम्ही वाचा. तुमचा आवाज मागेपर्यंत जातो.”

मी वाचायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरातच ‘बरीच’ आला आणि काय झालंय ते सगळ्यांच्या लक्षात आलं. मी खो खो हसले. इंजिनिअरने डोक्याला हात लावला. आकडेवाली म्हणाली, वाचत राहा, किती जण असे गेलेत ते बघू. म्हणून मी पुढचा कागद घेतला.

तो कागद एका बाईचा होता. ही बाई कोण, ते मला माहीत नाही. माहीत असलं तरी सांगता येणार नाही, कारण बैठकीत वाचलेलं बाहेर बोलणार नाही अशी मी सही केली आहे आणि माझी सही तुझ्या यजमानांच्या छत्रीच्या वायद्यासारखी नसते. तर, प्रकृती कशी आहे? या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, ‘बरी आहे. जिना चढताना बरीच दमते म्हणून पलंग खाली आणून घेतला. घरी सांगितलं, वर उकडतं.’ पुढचा प्रश्न, आराम केव्हा वाटतो? उत्तर, ‘थोरल्या बहिणीचा फोन आला की. ती एकटीच बोलते, मला नुसतं हं म्हणावं लागतं, तेवढ्यात धाप खाली बसते.’ इथे सगळी समिती हसली. कपाळसुद्धा हललं. मी हसले नाही. मी त्याखालचं वाचत होते. अडीअडचणीला मदत करणारं कोणी आहे का? ‘ताई आहे. पण तिला कळलं तर येऊन बसेल.’

माझा आवाज मागेपर्यंत जातो म्हणून मला वाचायला दिलं होतं. तो पुढच्या खुर्चीपर्यंतही गेला नाही.

मला त्या बाईच्या थोरल्या बहिणीबद्दल फार वाटलं (मी तिला ओळखत नाही, पण समजूतदार आणि सोशिक असावी). तिला किती महिने वाटत असेल की धाकटी आता वयपरत्वे ऐकून घ्यायला शिकली. तिने समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंची कागाळी केली, तिकडून हं. निवृत्तिवेतनाच्या कचेरीतल्या कारकुनाला कसं झापलं ते सांगितलं, हं. ती बिचारी आपल्याच बोलण्यावर खूश, आणि तिकडे तुला, म्हणजे त्या बाईला, एक धड वाक्य बोलण्याइतका श्वास पुरत नव्हता! वर उकडतं म्हणे. उकडायला तुमच्याकडे, म्हणजे जिथे कुठे ती राहते तिथे, सध्या लोकरीचे मोजे घालून झोपतात. आणि राग कशाचा येतो सांगू? एवढ्या मोठ्या यंत्राला, ज्याला ‘बरी’ आणि ‘बरीच’ यांतला फरक कळत नाही, त्याला तिने सगळं खरं सांगितलं. आणि जिला कळला असता, त्या सख्ख्या बहिणीला थाप मारली. वर शांत बसली, की केंद्राने आपल्याला बोलावलं नाही, म्हणजे आपण ठणठणीत! त्यांनी बोलावलं नाही, कारण यंत्राने तिला निरोग्यांच्या रांगेत पहिल्या नंबरावर बसवलं होतं.

बैठक संपल्यावर आकडेवालीने मला बाहेर गाठलं. पाण्याच्या यंत्रापाशी मी पेला हातात धरून उभी होते आणि नळ चालू करायचं विसरले होते. तिने पेला घेतला, भरला, परत दिला. म्हणाली, “मावशी, तो कागद कोणाचा ते मला माहीत नाही, आणि तुम्ही मला सांगूही नका.” मी म्हटलं, मी कुठे काही बोलले? म्हणाली, “तेच तर. तुम्ही काहीच बोलला नाहीत.” मग तिने समजावून सांगितलं. दुरुस्ती लगेच होईल, अशा सगळ्या माणसांना त्यांच्या केंद्राकडून तपासणीला बोलावणं जाईल. मी विचारलं, कधी? ती टोपण चावायला लागली. कारण चूक नणंदेची, माणसं मधलीची, आणि चूक सापडली थोरलीच्या बैठकीत. तेव्हा बोलावण्याच्या पत्रावर कोणाचं नाव असावं यावर तिघींची चर्चा चालू आहे. सर्वानुमते म्हणतात, लवकरच सर्वानुमते ठरेल. मी या बैठकांत बसले आहे. ‘उपाशीपोटी’चं काय झालं ते मी पाहिलं आहे. तोवर त्या बाईने काय करायचं, दर संध्याकाळी थोरल्या बहिणीच्या फोनची वाट पाहायची? मी आकडेवालीला म्हटलं, मी सही करून बसले आहे. ती म्हणाली, “सही त्या कागदाबद्दल आहे. स्वतःच्या बहिणीला कशी आहेस म्हणून विचारायला कोणाची परवानगी लागते?” ही मुलगी हुशार आहे. तिला कोणीतरी नवीन टोपण घेऊन द्यायला हवं.

म्हणून मी विचारते आहे. कागदाबद्दल अवाक्षर बोलत नाही. स्वतःच्या बहिणीची विचारपूस करते आहे, आणि तीही लेखी, कारण फोनवर मी बोलत सुटते आणि तू हं म्हणतेस, हे आता मला ठाऊक झालं आहे. कशी आहेस? जिना चढतेस का? पलंग कुठे आहे? यजमानांना काय सांगितलं आहेस? उत्तर पूर्ण वाक्यांत हवं. लिहिताना दम लागला तर मध्ये थांब, पण थांबलीस तर तसं लिही.

योगायोगाने समितीची पुढची बैठक तुमच्या गावात, मधलीकडे, ठरली आहे. त्यामुळे येत्या आठवड्यात मला तिकडे यावंच लागणार. निव्वळ समितीच्या कामासाठी, उगाच भलता समज करून घेऊ नकोस. उतरेन मात्र तुझ्याकडे, कारण केंद्राच्या विश्रामगृहातल्या उशा फार वाईट आहेत असं ऐकते. माझ्यासाठी वरची खोली झाडूनपुसून ठेवायच्या भानगडीत पडू नकोस. मी खालीच, तुझ्या खोलीत झोपेन. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, माझी मी येईन. यजमानांना म्हणावं, छत्री दाराशी काढून ठेवा.

इथे थांबते. मोठ्यांना नमस्कार सांगावा तर तुझ्या घरात मोठं कोणी उरलं नाही, आणि लहानांना आशीर्वाद द्यावेत तर ते सगळे आता मलाच औषधांच्या वेळा शिकवतात. तेव्हा ज्याला जे लागू पडेल ते त्याला दे.

तुझीच,
ताई

ता. क. केंद्राची लिफ्ट पुन्हा चालू झाली. निबंध मागे घेतला. निळी रेघ आता उलटी, वरून खाली उतरते, आणि आकडेवाली प्रथमच टोपण न चावता बसली होती. सर्वानुमत्यांनी मला ‘बरं’ या शब्दावर पुन्हा एकदा मार्गदर्शन करायची विनंती केली. मी म्हटलं, आधी तुम्ही स्वतःचं हृदय कोणाला तरी दाखवून या.

आणखी एक ता. क. त्या कागदावरची बाई तू नाहीस असं ठरलं, तर मी तुझी माफी मागेन. लेखी, स्वच्छ अक्षरात, यजमानांच्या देखत. मला माफी मागायला किती जड जातं हे तुला माहीत आहे. यावरून बघ, मला ती किती मागावीशी वाटते आहे.

शेवटचा ता. क. तुमच्या गावात कसलीही बैठक नाही. बैठका सगळ्या पडद्यावर होतात, हे मी वर लिहून गेलेच आहे आणि तू ते आतापर्यंत पकडलं असशील. तू ‘वर उकडतं’ म्हणालीस, मी ‘बैठक आहे’ म्हणाले, फिटंफाट. मी येते ती तुझ्यासाठी, आणि तुमच्याकडच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन येते. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं आहे. उपाशीपोटी या म्हणाल्या (चहाचं मी विचारलं नाही, तू घेऊ नकोस). त्यांनी फोनवर विचारलं, पेशंटला काय होतंय? मी म्हटलं, ते ती स्वतः सांगेल, मी तोंड मिटून बसेन. मग विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मी सांगितलं, थोरली बहीण. आणि त्यांना जे सांगितलं नाही ते तुला सांगते. जन्मापासून तू माझ्यापुढे नंबर लावत आलीस. आईच्या मांडीवर आधी तू, खिडकीची जागा तुला, लग्नसुद्धा माझ्याआधी उरकून मोकळी झालीस, आणि मी चकार शब्द काढला नाही. पण वर जायची जी रांग आहे ती वयाप्रमाणे आहे, तिच्यात तुझ्यापुढे मी उभी आहे, आणि मधे घुसणाऱ्यांना मी काय करते ते निवृत्तिवेतनाच्या कचेरीत विचार.